आधी कुंडात, मग मंडपात

ऑक्टोबर उजाडला की कॅलगरीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "बॅन्फच्या बिअर फेस्टिव्हलला कोण कोण येतंय?" दहा मिनिटांत वीस अंगठे वर होतात. खरी यादी त्यानंतरच्या आठवड्यात उलगडते. एकाचे आईवडील पुण्याहून आलेत, त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. एकीला पाचवा महिना लागलाय. दोन घरांत शाळकरी मुलं आहेत. तिघं-चौघं थेंबालाही शिवत नाहीत, पण सहल त्यांना चुकवायची नाही. आणि ज्याच्याकडे सात जणांची गाडी आहे, नेमकी त्यालाच सगळ्यांत जास्त प्यायची असते.

हा लेख अशा मिसळ गटासाठी आहे. नुसती मित्रांची टोळी निघाली असेल तर तिला सल्ला लागत नाही, आणि दिला तरी ती वाचत नाही. मिश्र गटाचं मात्र सगळं आखणीवर असतं. माझं म्हणणं एवढंच की सहल न पिणाऱ्यांच्या सोयीने आखावी आणि बिअरला त्यातली एक दुपार द्यावी. तसं केलं तर कुणाचीच गैरसोय होत नाही. उलट केलं, तर मुलं-म्हातारी हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसतात आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही.

बॅन्फ हे गाव मुळात पाण्याचं. १८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामावरचे तिघं, फ्रँक मॅकेब आणि विल्यम व टॉम हे मॅकार्डेल बंधू, सल्फर पर्वताच्या पायथ्याशी जमिनीतल्या एका भोकापाशी पोचले. आतून वाफ आणि गंधकाचा वास येत होता. झाडाचं खोड शिडीसारखं आत सोडून ते उतरले, तर खाली गरम पाण्याचं तळं. स्टोनी नाकोडा आणि इतर मूळ रहिवासी समाजांना हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मालकी सांगायला मात्र हे तिघं पुढे आले आणि मग त्यांच्याशी भांडायला आणखी काही. भांडण वाढलं तसं सरकारने २५ नोव्हेंबर १८८५ रोजी झऱ्यांभोवतालची २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली. १८८७ च्या कायद्याने तिचा विस्तार झाला आणि कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. रेल्वेला डोंगरात प्रवासी हवे होते, आणि पैसेवाल्या युरोपीय मंडळींना आल्प्समधल्या स्नानाच्या गावांची सवय होती. तोच थाट इथे मांडला गेला. १८८६ मध्ये डॉक्टर ब्रेट यांनी आरोग्यधाम काढलं, १८८८ मध्ये रेल्वेचं बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडलं, आणि १८९९ मध्ये रेल्वेने डोंगर चढवायला खुद्द स्वित्झर्लंडहून वाटाडे आणले.

क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरतो तो याच विवराच्या अंगणात, केव्ह अँड बेसिन या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे १८८५ च्या त्या तारखेच्या आगेमागेच. नवखे लोक इथेच गोंधळतात. बिअरच्या तिकिटावर झऱ्याचं नाव असतं, म्हणून ते पिशवीत टॉवेल भरून जातात. केव्ह अँड बेसिनमध्ये आंघोळ करता येत नाही. १९१४ मध्ये इथे मोठा तलाव बांधला होता, पण तो कधीच बंद झाला. आता तिथल्या पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही, कारण त्यात एक इवलीशी गोगलगाय राहते, बॅन्फ स्प्रिंग्ज स्नेल. जगात ती फक्त या डोंगरावरच्या झऱ्यांत सापडते. हाताला लागलेलं क्रीम किंवा डास पळवायचं औषधही तिला मारू शकतं. दंड जबर आहे आणि रखवालदार लाजत नाहीत, तेव्हा नातवंडांना आधीच बजावून ठेवा.

आंघोळीसाठी जायचं ते वरच्या झऱ्यांवर, बॅन्फ अपर हॉट स्प्रिंग्जला. १,५८५ मीटर उंचीवर, १९३२ सालच्या दगडी स्नानगृहाला लागून उघड्यावर तलाव आहे आणि पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअस ठेवलेलं असतं. हे पाणी शेजारच्या रंडल पर्वतावरच्या पावसा-बर्फाचं. ते जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल मुरतं, तिथे तापतं आणि सल्फर पर्वताखालच्या प्रस्तरभंगातून दाबाने वर येतं. भोवती उणे दहा तापमान, डोक्यावर बर्फाची भुरभुर आणि गळ्यापर्यंत गरम पाणी. ओले केस पाच मिनिटांत काड्यांसारखे ताठ होतात. मुलांना त्याचीच सगळ्यांत मौज वाटते, पण आजी-आजोबांच्या डोक्यावर लोकरीची टोपी असू द्या.

आता आपल्या मंडळींच्या अडचणी. पहिली कपड्यांची. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडात साडीसकट डुबकी चालते. इथे कुडता, टी-शर्ट, सुती लेगिंग्ज चालत नाहीत, पोहण्याचेच कपडे लागतात. ज्यांना अंग झाकलेलं हवं त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोहण्याचे कपडे कॅलगरीत खेळाच्या दुकानांत मिळतात. सासूबाईंसाठी ते निघण्याआधी घ्या, पसंत पडू द्या, घरी एकदा घालून बघू द्या. काउंटरवर पोशाख आणि टॉवेल भाड्याने मिळतात, पण साठीच्या बाईला भाड्याचा पोशाख घाला म्हणणं म्हणजे तिला काठावर बसवण्याचीच तयारी. दुसरी अडचण कपडे बदलण्याच्या खोलीची. ती सामायिक असते आणि तिथल्या बायका निःसंकोच वावरतात. हे आधी सांगून ठेवलं की धक्का बसत नाही. हॉटेलवरूनच आत पोहण्याचा पोशाख घालून, वर गरम कपडे चढवून गेलं तर निम्मं काम होतं. परतताना बदलायला कोरडी अंतर्वस्त्रं न्यायला लोक हटकून विसरतात.

तिसरी गोष्ट दागिन्यांची, आणि ही कुठल्याच माहितीपत्रकात सापडायची नाही. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, मुलांच्या कमरेची साखळी, सगळं काढून ठेवा. जोडवी काढायची नसतील तर काळी पडतील हे धरून चाला. घरी आल्यावर चिंच किंवा दंतमंजन आहेच. सोन्याच्या मंगळसूत्रावरही कॅरट कमी असेल तर झाक येते. लॉकर असतात, पण त्याहून हॉटेलची तिजोरी बरी.

शनिवारी दुपारनंतर इथे रांग लागते आणि गाड्या लावायला जागा उरत नाही. गावातून रोम नावाची सार्वजनिक बस वर येते, पहिल्या क्रमांकाची. बरीच हॉटेलं पाहुण्यांना तिचा पास फुकट देतात, तो मागून घ्यावा लागतो. शुक्रवारची रात्र किंवा रविवारची सकाळ ही पाण्याची खरी वेळ. शरदात देखभालीसाठी तलाव काही दिवस बंद ठेवतात, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी पार्क्स कॅनडाची सूचना बघा.

पाणी आणि बिअर यांची वेळ कधीही जुळू देऊ नका, या मुद्द्यावर मी हट्टी आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब उतरतो. दारूही तेच करते, शिवाय अंगातलं पाणी कमी करते. दोन्ही एकदम झालं की माणूस तलावातून उठून उभा राहतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ओली फरशी, बर्फाळ पायरी, आणि डोकं आपटायला दगडी कठडा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना, मधुमेहींना हा धोका जास्त. म्हणून क्रम असा: आधी कुंड, मग मंडप, मग झोप, आणि पुन्हा कुंडात उतरायचं असेल तर दुसऱ्या सकाळी, पोटात पोहे गेल्यावर. फेस्टिव्हलहून आठ वाजता परतलेले चार उत्साही वीर "चला रे, झरे दहापर्यंत उघडे आहेत" म्हणतात, तेव्हा गटात निदान एक ठाम बाई हवी. पाण्यातही एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, मग बाहेर बसून पाणी प्यायचं. गर्भवतींनी आणि हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. विचारायला विसरलात तर फक्त पाय सोडून बसा.

मुक्काम कुठे, यावर गटात सगळ्यांत मोठा वाद होतो. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात वसलेलं गाव आहे, आणि तिथे नोकरी-धंद्यामुळे राहणं ज्याला भाग आहे त्यालाच घर करता येतं असा नियम आहे. त्यामुळे अख्खं घर भाड्याने घेऊन वीस जणांनी गाद्या टाकायची आपली आवडती पद्धत तिथे जमत नाही. हॉटेलच्या खोल्या घ्याव्या लागतात. उद्यानाच्या फाटकाबाहेर, बॅन्फपासून पंचवीसेक किलोमीटरवर कॅनमोर आहे. तिथे स्वयंपाकघर असलेली सदनिका मिळते, किंमत बेताची असते, आणि दोन्ही गावांमध्ये रोमची बस धावते. बिअरवाल्यांना चालत खोलीवर पोचता यावं म्हणून बॅन्फ सोयीचं. मुलं आणि ज्येष्ठ जास्त असतील तर कॅनमोर. मी मिश्र गटाला कॅनमोरच सुचवेन. आजींना सकाळी स्वतःच्या हातचा चहा मिळाला की बाकी सगळं त्या चालवून घेतात. फक्त एक काळजी घ्या: सदनिकेत हिंग-मोहरीची खमंग फोडणी दिलीत तर धुराचा भोंगा वाजतो आणि मजल्यावरचे सगळे शेजारी कोट घालून जिन्यात येतात. कोरड्या दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी, चिवडा घरून न्या, आणि तिथे भात-वरण-तूप एवढंच शिजवा.

कॅलगरीहून बॅन्फ सुमारे १३० किलोमीटर, दीड तास. विमानतळावरून थेट बॅन्फला जाणाऱ्या खासगी बसही आहेत, त्यामुळे टोरंटो-व्हँकुव्हरहून येणाऱ्यांना गाडी घेण्याची गरज नाही. उद्यानात शिरताना पास लागतो. कुटुंब-गट असा पास एका गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो, आणि सतरा व त्याखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. गाड्यांमध्ये माणसं बसवताना हा हिशेब डोक्यात ठेवलात तर एखाद-दुसरा पास वाचतो. नोव्हेंबरात बर्फाळ रस्त्यासाठी हिवाळी टायर हवेतच. अल्बर्टात महामार्ग क्रमांक एकवर त्यांची सक्ती नाही म्हणून लोक टाळतात. भाड्याची गाडी घेत असाल तर टायरबद्दल स्पष्ट विचारा, गृहीत धरू नका. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि त्या वेळेला हरणांच्या जातीतले मोठे एल्क रस्त्यावर येतात. फोटोसाठी त्यांच्यापासून निदान तीस मीटर लांब राहा. अस्वल दिसलंच तर शंभर मीटर आणि गाडीच्या काचा वर.

अल्बर्टाची बिअर

फेस्टिव्हलला जाणाऱ्यांनी निदान एवढं माहीत करून जावं की तिथल्या ग्लासात काय आहे. अल्बर्टात बार्ली अमाप पिकते आणि माल्टसाठी ती उत्तम मानली जाते. १८९२ मध्ये ए. ई. क्रॉस या पशुपालकाने कॅलगरी ब्रुइंग अँड माल्टिंग कंपनी काढली. पुढे कित्येक पिढ्यांनी मोठ्या कारखान्यांच्या एकाच चवीच्या लागरवर दिवस काढले. १९८५ मध्ये एड मॅकनॅली यांनी कॅलगरीत बिग रॉक सुरू केली. ते पेशाने वकील, आणि बार्लीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले. मात्र खरी लाट आली ती डिसेंबर २०१३ नंतर. तोवर बिअरचा कारखाना काढायचा तर किमान अमुक इतकं उत्पादन हवं अशी अट प्रांतात होती. ती काढून टाकल्यावर छोट्या छोट्या गावांत चार टाक्यांचे कारखाने निघाले. या फेस्टिव्हलमध्ये तुम्हाला बहुतांशी हीच मंडळी भेटतात, आणि टेबलामागे उभा असलेला माणूस पुष्कळदा स्वतः बिअर बनवणारा असतो. त्याच्याशी बोला. तुम्ही काय बनवता, कुठली बार्ली, पाणी कुठलं, एवढं विचारलंत तरी गडी खुलतो. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत बिअर बनवणाऱ्यांत जॅस्परचं जॅस्पर ब्रुइंग २००५ पासून, तर बॅन्फ ॲव्हेन्यू ब्रुइंग २०१० पासून आहे. कॅनमोरचं ग्रिझली पॉ त्याहून जुनं, १९९६ चं. फेस्टिव्हलची गर्दी नको असेल तर याच गावांतल्या एका पबमध्ये बसून नमुन्यांचा ट्रे मागवणं हा पर्यायही वाईट नाही. तिथे मुलांना जेवायला सोबत घेता येतं.

फेस्टिव्हलच्या आत बिअर ग्लासभर मिळत नाही. प्रवेशाबरोबर छोटा पेला मिळतो, टोकन विकत घ्यायची आणि दरेक टोकनावर घोट-दोन घोट. साधारण चार औंस, म्हणजे ११८ मिलिलिटर. कॅनडात दारूचं एक माप म्हणजे पाच टक्के मद्यार्काची ३४१ मिलिलिटर बिअर. म्हणजे पाच टक्क्यांच्या बिअरचे तीन नमुने झाले की एक माप पोटात गेलं. पण इथल्या फळ्यांवर सात, आठ, दहा टक्केवाल्याही असतात. आठ टक्क्यांचे तेच तीन नमुने दीड मापाच्या वर जातात. घोट इवलासा असल्यामुळे मोजणी सुटते. टोकन एकदम वीस घेऊ नका, सहा घ्या, संपली की बाहेरच्या थंडीत एक फेरी मारा, काहीतरी खा, आणि मग ठरवा.

चवींचा क्रमही राखावा. लागर-पिल्सनर आधी, मग गव्हाची, मग पेल एल, त्यानंतर कडवट आयपीए, आणि अगदी शेवटी कॉफी-चॉकलेटच्या वाटेने जाणारी स्टाउट. उलट गेलात तर आयपीएनंतर सगळं पाण्यासारखं लागतं. भारतातल्या 'स्ट्राँग' बिअरवर वाढलेल्यांना पहिली आयपीए म्हणजे काढा वाटते. ती आवडलीच पाहिजे असं काही नाही. टेबलावर ओतून टाकायला भांडं असतं, ते त्यासाठीच. पैसे दिलेत म्हणून संपवायचंच हा आपल्या हाडात मुरलेला संस्कार इथे अंगाशी येतो. एक घोट घ्या, नको असेल तर ओता, पेला पाण्याने विसळा, पुढे चला. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी मिल्क स्टाउट टाळावी, तिच्यात दुधातली साखर असते. आणि जिभेवर मिरची असताना कडवट आयपीए घेऊ नका, तिखट दुप्पट झोंबतं. रात्री सदनिकेत कांदा-शेंगदाणे आणि भडंग निघेल तेव्हा गव्हाची किंवा तांबूस गोडसर बिअर बरी.

अल्बर्टात दारू पिण्याचं वय अठरा आहे, ब्रिटिश कोलंबिया आणि ओंटारिओत एकोणीस. फेस्टिव्हलच्या दारावर सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. विद्यार्थ्यांचं कॉलेजचं कार्ड चालत नाही, भारतीय पासपोर्ट चालतो. पंचविशीच्या आतल्यांना तर हमखास विचारतात. लहान मुलांना आत सोडत नाहीत, हे धरूनच पुढचा बेत करायचा.

गाडीचा मामला मात्र नीट वाचा, खास करून ज्यांच्या हातात अजून स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा पीआर कार्ड आहे त्यांनी. फौजदारी मर्यादा रक्तातल्या मद्यार्काच्या ०.०८ टक्क्यांची, पण अल्बर्टात ०.०५ लाच पोलीस रस्त्यावर तीन दिवसांसाठी परवाना काढून घेतात, गाडी जप्त करतात आणि दंड लावतात. नवशिक्या परवान्यावर तर शून्याच्या वर काहीच चालत नाही. याहून मोठी गोष्ट अशी की १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली आहे. त्यामुळे इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने तो 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतो. शिक्षा प्रत्यक्षात नुसत्या दंडाची झाली तरी पीआर असलेल्या माणसाचा इथे राहण्याचा हक्क धोक्यात येऊ शकतो. आठ-दहा वर्षं घालून उभं केलेलं बस्तान एका संध्याकाळी. गाडीत उघडा कॅन ठेवणंही गुन्हाच, मग तो मागच्या सीटवरच्या काकांच्या हातात का असेना. रस्त्यावर, बागेत, बर्फात फोटो काढताना कॅन उघडायचा नाही. ही गटारी अमावस्या नव्हे.

चालक कोण, हे गाडी सुटण्यापूर्वी ठरवा, आणि तो एकच असला तर त्याचं जेवण आणि झऱ्याचं तिकीट समाईक वर्गणीतून काढा. न पिणारा माणूस दर वर्षी फुकटचा ड्रायव्हर होतो आणि तिसऱ्या वर्षी यायचंच थांबतो. गट मोठा असेल तर चालकासकट छोटी बस भाड्याने घ्या. माणशी खर्च वाटतो तेवढा होत नाही.

दुपार इतरांची

फेस्टिव्हलच्या तीन-चार तासांत बाकीच्यांनी काय करायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, कारण याच तासांवर सहल तरते किंवा बुडते. सगळ्यांत सोपा बेत: बिअरवाल्यांना केव्ह अँड बेसिनपाशी सोडून उरलेल्यांनी गोंडोलाने सल्फर पर्वतावर जायचं. वर लाकडी पायवाट आहे, ज्येष्ठांना झेपते, पण वारा बोचरा असतो. कुडकुडायचं नसेल तर गावात व्हाइट म्युझियममध्ये डोंगरांची चित्रं आणि जुने फोटो बघत दीड तास छान जातो. चालण्याची हौस असेल तर बो नदीकाठाने बो धबधब्यापर्यंत जा. बुटांना लावायचे बर्फाचे काटे दोन-चार जोड बरोबर असू द्या. रस्ता सपाट दिसतो, पण खाली काच असते.

केव्ह अँड बेसिनचं आतलं विवर मात्र फेस्टिव्हलच्या गडबडीत बघू नका. शनिवारी सकाळी, किंवा थंडीतल्या वेळा बघून दुसऱ्या दिवशी, सगळ्यांनी मिळून जा. बोगद्यातून आत गेलं की हिरवट पाण्याचं तळं आणि छतातलं ते मूळचं भोक दिसतं. बाहेर दलदलीवरून लाकडी पूल जातो. गरम पाण्यामुळे ही दलदल हिवाळ्यातही गोठत नाही. १९२४ मध्ये डास मारायला इथे परदेशी गप्पी मासे सोडले, नंतर लोकांनी घरातल्या काचपेटीतले मासेही आणून टाकले, आणि फक्त इथेच असणारी लाँगनोज डेस नावाच्या माशाची उपजात कायमची संपली. शाळकरी मुलांना हा पूल गोंडोलापेक्षाही आवडतो असा माझा अनुभव आहे. मोठ्यांनी तिथलं नजरकैदेवरचं दालन बघावं. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ दरम्यान, युक्रेनहून आलेल्या स्थलांतरितांना 'शत्रू परकीय' ठरवून या जागेत छावणीत ठेवलं होतं आणि उद्यानातले रस्ते त्यांच्याकडून करून घेतले. परदेशातून येऊन इथे घर केलेल्या माणसाला ते दालन घाईने ओलांडता येत नाही.

आईवडील सुपर व्हिसावर आले असतील तर एक लाख डॉलर्सच्या संरक्षणाचा आरोग्य विमा त्यांच्याकडे असतोच. साध्या पाहुणा व्हिसावर आलेल्यांचा मात्र अनेकदा काढलेलाच नसतो. सहलीआधी तपासा, आणि जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. बॅन्फमध्ये मिनरल स्प्रिंग्ज हॉस्पिटल आहे, तिथे तातडीची सेवा मिळते, पण विमा नसलेल्यांचं बिल छाती दडपवणारं येतं. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीच्या डिकीत इन्सुलिन ठेवलं तर ते गोठून वाया जातं.

पैशांचा हिशेब दोन खात्यांत करा. मुक्काम, प्रवास, पास, झऱ्याचं तिकीट, समाईक जेवण हे एका खात्यात. फेस्टिव्हलचं तिकीट, टोकन आणि बाटल्या दुसऱ्या खात्यात, फक्त पिणाऱ्यांच्या. नाहीतर परतल्यावर चार डॉलर्सवरून मनं दुखावतात, आणि ती मनं पुढच्या गणपतीपर्यंत दुखतात. पैसे आधीच ई-ट्रान्सफरने मागून घ्या. अंगठ्याला नाव नोंदणी समजू नका, पैसे आले तोच माणूस आला. अल्बर्टात प्रांतीय विक्रीकर नाही, पाच टक्के जीएसटी फक्त, पण हॉटेलच्या बिलावर प्रांताचा पर्यटन आकार आणि आणखी काही स्थानिक आकार चढतात. मोठ्या गटाला हॉटेलात जेवणाच्या बिलात टीप आपोआप लावलेली असते. ती बघून घ्या, नाहीतर दोनदा दिली जाते.

नोव्हेंबर जमत नसेल तर आणखी दोन जागा सुचवतो. ब्रिटिश कोलंबियातलं किंबर्ली हे खाणकामगारांचं गाव. खाण कधीतरी संपणार हे ओळखून गावाने १९७० च्या दशकात बव्हेरियन वेश चढवला, चौकात कोकिळेचं भलंमोठं घड्याळ लावलं. खाण २००१ मध्ये बंद झाली, गाव टिकलं. तिथे जुलैत जत्रा भरत आली आहे, आणि वाटेत कूटनी उद्यानातले रेडियम हॉट स्प्रिंग्ज व पुढे फेअरमाँट हे दोन्ही झरे लागतात. उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायला मी बॅन्फपेक्षा हीच वाट पसंत करेन. थंडीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टोरंटोच्या मंडळींना जवळचं म्हणजे किचनर. १९१६ पर्यंत त्या गावाचं नाव बर्लिन होतं. १९६९ पासून तिथे ऑक्टोबरफेस्ट भरतो, थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे. बँड, मिरवणूक, लांब बाकं, सगळा जर्मन थाट. गरम पाण्याचा झरा मात्र तिथे नाही.

रविवारी सकाळी निघताना सदनिकेतले रिकामे कॅन आणि बाटल्या कचऱ्यात टाकू नका. अल्बर्टात लिटरपर्यंतच्या डब्याला दहा सेंट आणि त्याहून मोठ्याला पंचवीस सेंट अनामत परत मिळते. पिशवी भरून कॅलगरीच्या डेपोत द्या, आणि पैसे बिअरच्या खात्यात जमा करा. समाईक खात्यात नको.